लेकराचं बसणं, धरणं, गिळणं : वाचकांचे प्रश्न

विकासात मागे पडलेल्या लहान मुलांविषयी या वेळी पत्रं मागवली होती. यवतमाळ, अमरावती, चंद्रपूर, बुलढाणा अशा जिल्ह्यांच्या गावागावांतून ती आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि नावं गाळली आहेत. लहान मुलांसोबत काम करणाऱ्या व्यवसायोपचारतज्ज्ञांनी (खेळणं, जेवणं अशी रोजची कामं मुलांना जमवून देणाऱ्यांनी) उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : नातू ११ महिन्यांचा झाला. आठव्या महिन्यातच जन्मला होता, वजन दीड किलो भरलं. अजून बसत नाही, बसवला की एका अंगाला कलंडते. पालथा टाकला की रडते. रोज दोनदा तिळाच्या तेलानं मालिश करून देतो. सारे म्हणून राहिले की त्याचा बापही उशिराच चालला होता. सुनेनं बाजारातून गोल वॉकर आणला. त्यात बसवावं का?
एक आजी, दारव्हा तालुका

उत्तर : आजी, आधी वयाचा हिशेब नीट करू. लवकर जन्मलेल्या लेकराचं वय जन्मतारखेवरून मोजलं की ते उगाच मागे दिसतं. दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डावर किती आठवड्यांचं बाळंतपण ते लिहिलेलं असतं. समजा ३२ आठवडे असेल, तर पूर्ण दिवसांचे ४० धरून ८ आठवडे कमी पडले. ते ११ महिन्यांतून वजा केले की नातवाचं खरं वय ९ महिन्यांच्या आसपास येतं. दोन वर्षांचा होईपर्यंत असंच मोजायचं.

जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांतली निरोगी मुलं पाहिली होती. आधाराशिवाय बसायला ती ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान शिकली, एकटी चालायला ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान. म्हणजे तुमचा नातू काठावर आहे. बाप उशिरा चालला म्हणून थांबायला हरकत नव्हती, पण लेकरू एकाच अंगाला कलंडतं आणि पालथं राहत नाही, म्हणून या महिन्यातच दाखवा. त्याच अभ्यासात शंभरातली चारेक मुलं कधी रांगलीच नाहीत, सरळ उभी राहिली. तेव्हा नुसतं रांगत नाही म्हणून कोणी घाबरवलं तर घाबरू नका.

डॉक्टरकडे जाण्याआधी घरी चार गोष्टी पाहून ठेवा. लंगोट बदलताना मांड्या सहज फाकतात की कात्रीसारख्या एकमेकींवर चढतात? अंगठा सतत मुठीत दडलेला असतो का? मागून वाटी वाजवली तर मान वळते का? आधी येत असलेली एखादी गोष्ट बंद पडली आहे का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल, लेकरू पांढरंफटक असेल, केस विरळ झाले असतील, हात थरथरत असतील आणि ते फक्त अंगावरच्या दुधावर असेल, तर बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता तपासायला सांगा. मांस-अंडी न खाणाऱ्या आणि दूध-दहीही जेमतेम मिळणाऱ्या आयांच्या लेकरांत ती दिसते. त्याला औषधच लागतं. व्यायाम कितीही करा, औषधाशिवाय ते उठणार नाही.

मालिश करा, लेकराला ती आवडते आणि तुमचा हात त्याला ओळखीचा आहे. मात्र मालिशीनं स्नायूंत ताकद येत नाही. ताकद येते लेकरानं स्वतः हालचाल केल्यानं. मालिशीचा वेळ निम्मा करा आणि उरलेला असा वापरा. जुनी साडी घट्ट गुंडाळून तुमच्या मनगटापेक्षा थोडी जाड वळकटी करा, ७–८ सेंमी पुरे. लेकराला पालथं घालून वळकटी काखेखाली, छातीच्या वरच्या भागाखाली ठेवा. कोपर वळकटीच्या पुढे, खांद्याच्या सरळ खाली यायला हवेत. वळकटी पोटाखाली सरकली तर डोकं खाली जातं आणि लेकरू रडतं. बहुतेक घरांत हीच चूक होते आणि मग 'त्याला पालथं आवडतच नाही' असं ठरून जातं. समोर तुम्ही स्वतः आडव्या व्हा, तुमचं तोंड हेच खेळणं. पहिल्या आठवड्यात दोन-दोन मिनिटं, दिवसातून सात-आठ वेळा. दूध पाजल्यावर अर्धा तास जाऊ द्या.

बसवण्यासाठी तुमच्या दोन पायांच्या मधे, तुमच्याकडे पाठ करून घ्या. छातीला धरू नका, कमरेला धरा. आधार जितका खाली, तितकं वरचं काम लेकराला करावं लागतं. दोन्ही हात पुढे जमिनीवर टेकवून ते बेडकासारखं बसलं तरी ते बसणंच आहे, तिथूनच सुरुवात होते. मग वाटी थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे ठेवायची. ज्या बाजूला ते कलंडतं, त्या बाजूचा हात टेकवायला शिकवायचं.

गोल वॉकर परत करा. त्यात लेकरू झोळीत लोंबकळतं, पायाच्या बोटांनी ढकलतं, तोल सांभाळायची गरजच पडत नाही. शिवाय उंबऱ्यावरून उलटायची आणि चुलीपर्यंत पोचायची भीती. कॅनडानं २००४ मध्ये त्यावर बंदीच घातली. सुताराकडचा लाकडी पांगुळगाडा मात्र वेगळा आहे. त्यात लेकरू स्वतःच्या पायावर उभं राहतं आणि गाडा ढकलतं. तो माळ्यावर असेल तर जपून ठेवा, लेकरू धरून उभं राहू लागलं की काढू. तेव्हा मागे एखादी वीट बांधा, नाहीतर तो पुढे पळतो.

प्रश्न : डॉक्टरांनी कागदावर 'ओटी सुरू करा' लिहून दिलं. आम्हाला ऑपरेशन वाटलं आणि घरी सारे रडले. मग कळलं की व्यवसायोपचार. तीन वर्षांच्या पोरीला कोणता व्यवसाय शिकवणार? आणि हे कुठं मिळते?
वडील, चिमूर तालुका

उत्तर : ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, ऑपरेशन थिएटरशी तिचा काही संबंध नाही. नावातल्या 'व्यवसाया'नं मराठीत बराच गोंधळ केला आहे. तीन वर्षांच्या मुलीचा व्यवसाय म्हणजे खेळणं, जेवणं, कपडे घालणं, शी-शू सांगणं, दुसऱ्या मुलांत मिसळणं. ती कामं तिला तिच्या शरीरानं कशी जमतील ते शोधायचं. त्यासाठी कधी मुलीला शिकवतात, कधी काम सोपं करतात, कधी चमचा किंवा खुर्ची बदलतात.

वाट अंगणवाडीतूनच जाते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचं पथक प्रत्येक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. सेविकेला तारीख विचारून मुलीला त्या दिवशी हजर ठेवा. पथकाची चिठ्ठी घेऊन जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जायचं, तिथली तपासणी आणि उपचार मोफत असतात. तिथं त्या दिवशी व्यवसायोपचारतज्ज्ञ बसणार आहे का ते आधी फोन करून विचारा, म्हणजे एसटीचं भाडं वाया जात नाही. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात व्यवसायोपचाराचं पदवी शिक्षण चालतं, त्यामुळे तिथं स्वतंत्र विभाग आहे. खासगीत जात असाल तर महाराष्ट्राच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची नोंदणी आहे का ते विचारायला संकोच करू नका. सहा दिवसांचं शिबिर करून पाटी लावणारेही आहेत.

निदान झालं की दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढा. सेरेब्रल पाल्सी (लहानपणीच मेंदूला इजा झाल्यानं हालचालीत येणारा त्रास), ऑटिझम (स्वमग्नता), बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं विमासंरक्षण आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही मोडतो. कागद जमवायला वेळ लागतो. थेरपी त्यासाठी थांबवू नका.

प्रश्न : मुलगी दीड वर्षाची. सारं डाव्या हातानं करते, उजवा हात वापरतच नाही. सासूबाई म्हणतात डावखुरी आहे, उजव्यानं जेवायची सवय लाव. डावा हात बांधून ठेवला तर चालेल का?
आई, वरोरा तालुका

उत्तर : ताई, दीड वर्षाच्या आत मूल डावखुरं किंवा उजवं ठरत नसतं. या वयात दोन्ही हात आलटून-पालटून चालतात. एकच हात पुढे येत असेल तर दुसरा हात कमजोर आहे असं धरून तपासायचं. रांगताना उजवी मूठ बंद राहते का, उजवा पाय ओढते का, चालताना उजवी टाच उचललेली असते का, तेही बघा. मेंदूच्या डाव्या भागाला जन्माच्या आधी किंवा जन्मताना इजा झाली तर असं होतं.

तुमच्या भागात आणखी एक गोष्ट विचारायलाच हवी : घरात कुणाला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे का? सिकलसेलच्या लहान लेकरांची हाता-पायाची बोटं सुजून दुखतात आणि ती हात वापरायचं सोडतात. तो विकासाचा प्रश्न नसतो, दुखण्याचा असतो. आणि सिकलसेलचं मूल कालपर्यंत हात वापरत होतं आणि आज एकाएकी एक बाजू ढिली पडली, तोंड वाकडं झालं, तर तो लकवा आहे. थेरपीला नेऊ नका, १०८ ला फोन करून मोठ्या दवाखान्यात न्या.

हात बांधण्याबद्दल. चांगला हात थोडा वेळ अडवून कमजोर हाताला कामाला लावायची पद्धत खरोखर आहे आणि तिचा फायदा होतो. पण ती दोरीनं बांधून, रागावून, जेवणाच्या वेळी करायची नसते. चांगल्या हाताला सैल सुती मोजा चढवायचा, लेकरू खाली बसलेलं आणि तुम्ही समोर. चालताना कधीच नाही, पडलं तर तोंडावर पडेल. सुरुवातीला दिवसाला अर्धा तास, तोही पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन भागांत, आठवड्यातून सहा दिवस, सहा आठवडे. मग थांबून तज्ज्ञाला दाखवायचं. या वेळेत खेळ इतका सोपा हवा की दहातले सात-आठ प्रयत्न जमले पाहिजेत : डबा पाडणं, वाटीतल्या कोरड्या पिठात हात घालणं, मोठा चेंडू ढकलणं. एकदम मुरमुरा उचलायला लावलं की लेकरू दोन दिवसांत मोजा पाहिला तरी पळतं.

उरलेला दिवस दोन हातांचा. आणि यासाठी आपल्या घरात जितकी सामग्री आहे तितकी कुठल्या दुकानात नाही. संत्र्याला वर तुम्ही नखानं साल फोडून द्या, उजव्या हातानं संत्रं धरायचं आणि डाव्यानं साल ओढायची. धरणारा हात हाही काम करणारा हात असतो, आणि कमजोर हाताला आयुष्यभर बहुतेक तेच काम करायचं आहे. तुरीची ओली शेंग अर्धी उकलून द्या. कापसाचं फुटलेलं बोंड देठाशी धरून त्यातला कापूस ओढणं तर फारच चांगलं, कारण तो हळू सुटतो. फवारणी झालेल्या वावरातलं बोंड नको, आणि बोंडाच्या वाळक्या पाकळ्यांची टोकं आधी मोडून टाका. तुरीचे दाणे, चिंचोके नाका-कानात जातात. तिथून उठून जायचं असेल तर सामान उचलूनच उठा.

प्रश्न : मुलगा तीन वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी आहे. मान धरतो, पण बसला की पुढे घसरतो, पाय ताठ होतात. शहरात खुर्चीची किंमत ऐकून परत आलो. गावात सुतार चांगला आहे. मापं द्या, करून घेतो.
वडील, आर्णी तालुका

उत्तर : दादा, मापं मुलाची घ्यायची असतात, म्हणून ती कशी घ्यायची ते सांगतो. तुमच्या जिल्ह्याच्या केंद्रातल्या तज्ज्ञाला सुताराचा कागद एकदा दाखवूनच लाकूड कापा.

मुलाला पाटावर किंवा कडक बाकावर बसवा. एकानं मागून कंबर सरळ धरायची, दुसऱ्यानं मोजायचं. अंगावरून टेप गुंडाळू नका, वळणाची लांबी जास्त भरते. ढुंगणाच्या मागे एक पुस्तक उभं धरा, गुडघ्याच्या खळग्यापाशी दुसरं, आणि दोन पुस्तकांमधलं अंतर मोजा. समजा २५ सेंमी आलं. त्यातून दोन बोटं, म्हणजे ३ सेंमी वजा करा. बैठकीची खोली २२ सेंमी. पाठीला २ सेंमी जाडीची गादी लावणार असाल तर लाकूड २४ सेंमी कापायचं. ही गादीची बेरीज-वजाबाकी सुतार हमखास विसरतो. बैठक खोल झाली की गुडघ्याचा खळगा कडेला अडतो, मूल कंबर पुढे घेतं आणि पाठीचा कणा वाकवून बसतं. तुमचा मुलगा घसरतो त्याचं अर्धं कारण बहुतेक हेच आहे. तो मोठ्यांच्या खुर्चीत किंवा पलंगाच्या कडेला बसत असणार.

गुडघ्याच्या खळग्यापासून टाचेच्या तळव्यापर्यंत माप घ्या. पायात बूट किंवा स्प्लिंट (पाय सरळ धरून ठेवणारा साचा) घालणार असेल तर ते घालून घ्या. समजा २१ सेंमी. बैठकीचा वरचा भाग, गादी दबल्यावर, जमिनीपासून इतकाच उंच. म्हणजे वेगळी पायफळी लागत नाही, पाय सरळ जमिनीवर टेकतात. शहरातल्या खुर्च्या उंच असतात, टेबलासाठी केलेल्या. आपल्याकडे घर जमिनीवर जेवतं, मग लेकरू एकटं वर कशाला? लोंबकळते पाय आणखी ताठ होतात, हे ध्यानात ठेवा.

रुंदी कमरेच्या सर्वांत रुंद भागाची, समजा २० सेंमी, अधिक ३ सेंमी. यापेक्षा जास्त ठेवली तर तो एका बाजूला कलतो आणि मग लोक दोन्हीकडे उशा कोंबतात. हिवाळ्याच्या स्वेटरला जागा हवी म्हणून ३, उद्या मोठा होईल म्हणून १० नाही. वाढीसाठी दुसरी युक्ती आहे. पाठीची फळी मागे सरकवता येईल अशी दोन-तीन भोकं पाडून घ्या आणि दर सहा महिन्यांनी मापं परत घ्या. पाठ खांद्यापर्यंत उंच, मान धरतो तर डोक्याला आधार नको. १२ मिलिमीटरचं प्लायवूड पुरे. पाय बैठकीपेक्षा बाहेर फाकलेले हवेत, ताठ मूल मागे जोरात रेटतं तेव्हा खुर्ची उलटते.

पट्टा सर्वांत महत्त्वाचा. बाजेची ४ सेंमी रुंद नवार घ्या. बैठक आणि पाठ जिथं मिळतात त्या कोपऱ्यात दोन्हीकडे ती पक्की करा आणि पुढे मांडी व पोट यांच्या घडीवरून तिरपी आणा. पोटावर बांधलेला पट्टा वर सरकतो, मूल खालून निसटतं आणि पट्टा छातीशी, गळ्याशी येतो. मांड्यांच्या मधे खुंटी लावतात ती गुडघ्यांजवळ, कापड गुंडाळून ६–७ सेंमी रुंद केलेली. तिचं काम मांड्या फाकवून ठेवणं. घसरणं अडवायला खुंटी ढुंगणाजवळ लावली तर नाजूक भागावर सारा जोर येतो. घसरणं पट्ट्यानं आणि बरोबर खोलीनं थांबवायचं.

समोरची फळी कोपराच्या उंचीला किंवा बोटभर वर. पोटाशी अर्धगोल खाच, कडेला सेंटिमीटरभर काठ, म्हणजे वाटी पडत नाही.

पहिल्या दिवशी दहा मिनिटं बसवा. उतरवल्यावर ढुंगण, कमरेची हाडं, गुडघ्यामागचा भाग पाहा. लाल डाग वीस मिनिटांत गेला नाही तर तिथं मऊ करा किंवा माप चुकलं आहे असं समजा. हळूहळू अर्ध्या तासापर्यंत न्या. दिवसभर तीत बसवून कामाला जाऊ नका, ती खेळायची-जेवायची जागा आहे. उचलून नेताना आडवं घेऊ नका. आपण लेकराला कडेवर घेतो तसंच, दोन्ही पाय फाकवून. अशा मुलांसाठी कडेवर घेणं उत्तम, मांड्या आपोआप उघडतात. कीटकनाशकाचा रिकामा डबा कापून बैठक किंवा खेळणं करू नका, कितीही धुतला तरी.

आणि एक : न चालणाऱ्या अशा मुलांचा खुब्याचा सांधा हळूहळू निखळू शकतो, सुरुवातीला दुखतही नाही. खुब्याचा एक्सरे अजून काढला नसेल तर या वेळी काढून घ्या.

प्रश्न : दोन वर्षांच्या मुलीला भरवायला तास-तास लागते. मांडीवर आडवी घेऊन भरवते. ठसकते, चमचा चावून धरते. दोनदा न्यूमोनिया झाला.
आई, मेहकर तालुका

उत्तर : ताई, ठसका आणि दोनदा न्यूमोनिया हे एकत्र आलं की घास किंवा पाणी श्वासनळीत जात असल्याची शंका घ्यायची. जेवल्यावर आवाज ओला, गुळण्या केल्यासारखा येत असेल तर शंका पक्की. या आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा. काही मुलं न ठसकताच श्वासात घेतात, म्हणून 'आता ठसकत नाही' हे समाधानाचं कारण नाही.

आजपासून आडवं भरवणं बंद. सरळ बसवा, कंबर-गुडघे काटकोनात, हनुवटी किंचित छातीकडे. मान मागे गेली की गिळायचा रस्ता अडतो आणि श्वासाचा उघडतो. तुम्ही समोर, तिच्या डोळ्यांच्या उंचीला किंवा जरा खाली बसा. उभं राहून भरवलं की ती वर पाहते आणि मान मागेच जाते. चमचा उथळ, तिच्या तोंडापेक्षा अरुंद, चावला तरी न तुटणाऱ्या प्लास्टिकचा. स्टीलचा चावल्यावर दातांना लागतो आणि चावा आणखी घट्ट होतो. चमचा समोरून सरळ आत, जिभेच्या मधोमध हलका दाब, वरच्या ओठानं घास घ्यायची वाट पाहायची, सरळ बाहेर. वरच्या दातांना पुसून घास सोडला तर ओठ कधीच शिकत नाहीत. तिनं चावून धरला तर ओढू नका. डोकं थोडं पुढे घ्या, थांबा, पकड सैल होते.

एकजीव पदार्थ सर्वांत सोपा : चमचा उलटा केला तरी लगेच न पडणारा. मऊ खिचडी घोटून, ज्वारीच्या कण्या घोटून, तूप घालून. वरणभातात पाणी वेगळं आणि शीत वेगळं राहतं, तोंडाला एकाच वेळी दोन कामं करावी लागतात, म्हणून ती ठसकते. मुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, बोरं नकोत. पाण्यासाठी प्लास्टिकच्या पेल्याची नाकाकडची कड चंद्रकोरीसारखी कापा, कड घासून गुळगुळीत करा. पेला वाकडा केला तरी नाकाला अडत नाही, मान मागे जात नाही. पाणी घट्ट करायचं की नाही ते तज्ज्ञाला पाहून ठरवू द्या.

अर्ध्या तासाच्या वर जेवण चालवू नका. त्यानंतर थकलेलं तोंड जास्त चुकतं. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं नाही.

प्रश्न : अंगणवाडीत चार वर्षांचा मुलगा येतो. जागेवर बसत नाही, टाचा उचलून चालतो, गोंगाट झाला की कान झाकतो, ओल्या भाताला हात लावत नाही. मराठीत बोललेलं कळत नाही, घरी कोरकू बोलतात. घरच्यांनी लहानपणी पोटाला डंबा दिला होता, आता पुन्हा द्यायचं म्हणतात. पाटी धरायला कसं शिकवू?
सेविका, धारणी तालुका

उत्तर : ताई, डंब्याचं आधी. तापलेल्या लोखंडाचे चटके कुठल्याही विकासाच्या त्रासावर उपचार नाहीत, जखम आणि जंतुसंसर्ग मात्र होतो. घरच्यांना रागावून सांगितलं तर ते तुम्हाला सांगणं बंद करतील. आशाताईला सोबत घेऊन जा आणि बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाच्या तारखेपर्यंत थांबायचा शब्द घ्या.

मग भाषा. कोरकू ही मराठीपेक्षा अगदी वेगळ्या कुळातली भाषा आहे. त्याला मराठी कळत नाही यावरून काहीच ठरत नाही. आईला विचारा : कोरकूत हाक मारली तर वळतो का, हवं ते बोटानं दाखवतो का, दोन-तीन शब्द जोडतो का, दुसऱ्या पोरांच्या खेळात शिरतो का? तिथंही 'नाही' येत असेल तर कानाची तपासणी आणि ऑटिझमसाठी तपासणी, दोन्ही. टाचा उचलून चालणं या वयातही असेल तर पोटऱ्या आखडल्या आहेत का हेही बघायला सांगा.

कान झाकणं हा हट्ट नसतो, त्याला तो आवाज खरोखर बोचतो. त्याची जागा दाराशी, भिंतीला पाठ करून ठेवा, प्रार्थनेच्या वेळी त्याला बाहेर उभं राहू द्या. बसायच्या आधी दहा मिनिटं जोराची कामं द्या : तळाशी थोडंसं पाणी असलेली लहान बादली दोघांनी नेणं, सतरंज्या ओढणं, भिंत ढकलणं. ओझं त्याच्या वजनाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नको, १४ किलोच्या मुलाला सव्वा किलो फार झालं. मग तो पाच मिनिटं बसेल. पाचच मिनिटं बसवा आणि तो उठायच्या आधी तुम्हीच उठवा. झोका द्यायचा तर पुढे-मागे संथ. गरगर फिरवू नका, नंतर तासभर तो आवरत नाही. संवेदनांवरच्या या उपायांचा काही मुलांना फायदा होतो, काहींना नाही. चौदा दिवस करून, रोज किती मिनिटं बसला ते लिहून बघा. फरक नसेल तर सोडा.

भातात हात दाबू नका. आधी कोरडे तांदूळ, मग कोरडं पीठ, मग घट्ट कणीक, मग सैल, शेवटी भात. एकेका पायरीला आठवडाही लागतो.

पाटीचं काय, तर एवढ्यात नकोच. चौथ्या वर्षी अक्षरं गिरवायला लावणं ही आपल्याकडची घाई आहे. बोटांच्या आधी खांदा घट्ट व्हावा लागतो. भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीला खडूनं रेघोट्या ओढू द्या, ओल्या कापडानं त्या पुसू द्या. खडू दोन-अडीच सेंटिमीटरचा तुकडा करूनच द्या. लांब खडू मुठीत धरता येतो, तुकडा तीन बोटांतच मावतो, शिकवावं लागत नाही.

प्रश्न : ऑटिझमच्या मुलाला स्टेम सेलची (मूळपेशींची) इंजेक्शनं दिली की बरा होतो असं एकानं सांगितलं. वावर विकायला निघालो आहोत.
वडील, अचलपूर तालुका

उत्तर : वावर विकू नका. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिविषयक मंडळानं २०२२ मध्येच ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस होत नाही असं सांगितलं आहे.

प्रश्न : आम्ही दोघंही मजुरीला जातो. कापूस वेचणीच्या दिवसांत पहाटे निघतो, रात्री येतो. थेरपी सांगितली तेवढी होतच नाही. लेकरू वावरात झोळीत असते. किती वेळ दिला तर चालेल?
आई, घाटंजी तालुका

उत्तर : ताई, तुमच्या वहीत तज्ज्ञानं किती व्यायाम लिहिले आहेत? आठ-दहा असतील तर चूक तुमची नाही, वहीची आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात सेरेब्रल पाल्सीच्या मुलांच्या आई-वडिलांनी घरी आठ आठवडे सराव करून घेतला. त्यांनी सरासरी महिन्यातून १७–१८ वेळा, दर वेळी साधारण १६–१७ मिनिटं दिली, आणि मुलांत फरक दिसला. रोज नाही, तासभर नाही. पण काय करायचं ते घरच्यांनीच निवडलेलं होतं, 'स्वतः चमचा धरणं' असं एखादं काम.

तेव्हा पुढच्या भेटीत सांगा : दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत आम्हाला एकच काम द्या. समजा सदरा काढणं निवडलं. आंघोळीच्या आधी तो रोज काढायचाच असतो. सैल, पुढून उघडा सदरा घ्या. तुम्ही एका बाहीतून हात काढा, दुसऱ्या बाहीचं शेवटचं टोक त्याला ओढू द्या. ते आठवडाभर जमलं की अर्धी बाही, मग पूर्ण. शेवटची पायरी त्याची ठेवायची, म्हणजे काम पूर्ण झाल्याचा आनंद त्याला रोज मिळतो. आंघोळ सहा मिनिटांऐवजी दहा मिनिटांत होईल, वेगळा वेळ काढावा लागत नाही.

झोळीत लेकरू कमरेत दुमडलेलं, पाय जवळ, हात अंगाशी असं दिवसभर राहतं. झोपायला ती ठीक आहे. जागं झालं की बाहेर काढून सावलीत, घट्ट बांधलेल्या कापसाच्या गाठोड्याला पाठ टेकवून बसवा, किंवा सतरंजीवर पालथं घाला. सैल ढिगावर नको, त्यात तोंड रुततं. पाणी प्यायला याल तेव्हा कूस बदला. शेजारच्या वावरात फवारणी चालू असेल त्या दिवशी लेकरू वावरात नेऊ नका, आजी नसेल तर अंगणवाडीत ठेवून जा. आणि वहीत रोज फक्त एक खूण करा, आज सदऱ्याचं झालं की नाही. तज्ज्ञाला त्या खुणांवरून पुढचं ठरवता येतं.